'कुलो' म्हणजे उद्धटपणा की धाडस?

चर्चाप्रस्ताव :
एका फ्रेंच कथेच्या माझ्या अनुवादात 'कुलो'साठी मी 'धाडस' लिहिले होते. संपादकांनी ते खोडून 'उद्धटपणा' केले. प्रसंग असा, की कामाच्या शोधातली मुलगी भेटीची वेळ न घेता थेट मालकाच्या खोलीत शिरते आणि 'केवढा हा कुलो!' असे म्हणत मालक तिला कामावर ठेवून घेतो. या शब्दाचा मूळ अर्थ तळ. तंबाखू ओढण्याच्या पाइपच्या तळाशी साचणाऱ्या काळ्या थरालाही कुलोच म्हणतात. रांगेत घुसणाऱ्याला उद्देशून तो रागाने येतो हे खरे, पण 'याला कुलो लागतो' या वाक्यात उघड कौतुक असते. निखळ दोष दाखवायला फ्रेंचमध्ये 'एफ्रोंतरी' आहे, ज्याच्या मुळाशी 'कपाळ नसलेला', म्हणजे शरमेची रेषाही न उमटणारा, ही कल्पना आहे. निखळ गौरवासाठी 'ओदास', म्हणजे धाडस, आहे. प्रशियाचे सैन्य चालून येत असताना, २ सप्टेंबर १७९२ रोजी, फ्रेंच क्रांतीतला नेता दांतों याने फ्रान्सच्या विधानसभेत देशाकडे तेच तीनदा मागितले.

प्रतिसाद १ :
मी असहमत आहे. 'ओदास' निखळ गौरवाचा नाही. 'मला खोटे ठरवण्याची ओदास त्याने केली' हे फ्रेंचमध्ये रागाचेच वाक्य आहे. इंग्रजीतला 'नर्व्ह'सुद्धा असाच दुहेरी आहे, कधी धीर तर कधी आगाऊपणा. तेव्हा शब्दाचा स्वभाव न शोधता, तो कोण कोणाला म्हणतो ते पाहावे. इथे मालक नोकरी मागणारीला म्हणतो आहे, आणि त्या क्षणी त्याला तिचे वागणे आगाऊच वाटले असणार.

प्रस्तावकर्ती :
'ओदास'बद्दलची दुरुस्ती मान्य. परंतु आगाऊ वाटलेल्या मुलीला तो कामावर ठेवतो, ते त्या आगाऊपणाखालचे बळ दिसल्यामुळेच, आणि 'उद्धटपणा'ने नेमके तेच पुसले जाते. आपल्याकडे 'धारिष्ट्य' आहे. धृष्टता आणि धारिष्ट्य ही दोन्ही 'धृष्' या एकाच धातूची लेकरे, आणि इंग्रजी 'डेअर' त्यांचा दूरचा नातलग. मग तोच शब्द का नको?

प्रतिसाद २ :
व्युत्पत्ती बरोबर असली, तरी 'कुलो' बोलीतला आहे आणि 'धारिष्ट्य' पोथीतले. चिडलेला मालक असे बोलणार नाही. 'हिंमत' घ्यावी. 'तुझी हिंमत कशी झाली?' यात राग आहे, 'हिंमत लागते' यात दाद आहे, आणि 'काय हिंमत आहे पोरीची!' यात दोन्ही आहेत.