उन्हाळी सहल: यंदा स्टोक रोची विहीर?

मंडळी, सप्रेम नमस्कार.

मागच्या वर्षी समुद्रकाठी छत्र्या उलट्या होईपर्यंत भिजलो, ते आठवत असेलच. म्हणून यंदा जवळचंच ठिकाण सुचवतो. ऑक्सफर्डशरमध्ये हेन्लीच्या पश्चिमेला चिल्टर्नच्या माथ्यावर स्टोक रो नावाचं लहानसं गाव आहे. रेडिंगहून गाडीने साधारण अर्धा तास. गावात रस्त्यालगत काशीच्या महाराजांची विहीर आहे. वर घुमट, घुमटाखाली रहाटाचं लोखंडी चाक आणि त्यावर सोनेरी हत्ती!

काय म्हणता?

सहल समितीचे काका

---

काका, नमस्कार.

रागावू नका, पण विहीर बघायला पेट्रोल जाळायचं? आमच्या गावी घराघरात आड होता. त्यात लिंबच्या बारामोटेच्या विहिरीच्या पायऱ्या उतरलेल्या माणसाला इंग्रजांची विहीर ती काय दाखवायची?

तुमचा साताऱ्याचा पुतण्या

---

अरे बाबा,

बारामोटेची विहीर थोरच, पण दोन्हींची जात वेगळी. ही तू म्हणतोस तसा आडच आहे. रुंदी फक्त ४ फूट, आणि खोली ३६८ फूट. म्हणजे साठ परसांच्या वर! लंडनला नेल्सनचा खांब पाहिलास ना? तसे दोन एकावर एक उभे केले तरी आत गडप होतील. आणि हे सगळं माणसांनी हातानं खणलंय. मार्च १८६३ मध्ये काम सुरू झालं आणि २४ मे १८६४ला, व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवशी, विहीर गावासाठी खुली झाली. ४ फुटांच्या नळकांड्यात एक माणूस खाली कुदळ मारतोय आणि वर आभाळ रुपयाएवढं दिसतंय, एवढं डोळ्यांपुढे आण.

इतकं खोल का जावं लागलं? तिथली जमीन खडूच्या खडकाची. पाऊस भरपूर, पण पाणी मुरतं ते थेट तळाला. गावकऱ्यांची भिस्त चिकणमातीच्या खड्ड्यांत साचलेल्या गढूळ पाण्यावर. त्या भागातल्या इप्सडेनचे एडवर्ड अँडरडन रीड हिंदुस्थानात मोठे अधिकारी होते. १८३१ साली त्यांनी आझमगडला एक विहीर खोदवून दिली होती. घरातलं शेवटचं पाणी प्यायला म्हणून इथल्या एका पोराला आईनं बडवलं, ही हकीकत त्यांनी काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांना सांगितली, असं म्हणतात. पुढे इंग्लंडात काही दानधर्म करायचं महाराजांच्या मनात आलं, तेव्हा त्यांना तो पोरगा आठवला. विहिरीला ३५३ पौंड १३ शिलिंग ७ पेन्स लागले, रहाटाचा खर्च वेगळा.

आपण ‘काशीस जावे नित्य वदावे’ म्हणत बसलो, इथे काशीच चालत आली की रे.

काका

---

काका, माहिती छान. पण एक खटकतं. १८५७ला हे महाराज इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले. १८६०-६१ला दिल्ली-आग्र्याकडे दुष्काळाने माणसं मेली, आणि लगेच दोन-तीन वर्षांत यांचा पैसा ऑक्सफर्डशरला पाणी काढायला! गोऱ्यांना पाणी पाजणं आम्ही वेगळ्या अर्थाने ऐकलं होतं.

सहलीला येणार आहेच. फक्त तिथे ‘केवढी ही मैत्री’ असं भाषण नको.

एक सभासद, मेडनहेड

---

ताई, मुद्दा मान्य, भाषण रद्द. राजनिष्ठेचा हिशेब त्यात होताच, नाही कशाला म्हणू? पण पाणी सगळ्या गावाला फुकट होतं, हेही खरं. ९ गॅलनची, म्हणजे चाळीसेक लिटरची, एक बादली वर यायला १० मिनिटं लागायची. माझ्या आईचे हात दोन परसांच्या आडावर काथ्याच्या दोराने सोलून निघायचे. ती हे चाक फिरवणाऱ्या बायांना बघून काय म्हणाली असती, हा विचार मला तिथे गेल्यावर दर वेळी येतो. सुमारे ७० वर्षं गाव हेच पाणी प्यालं.

देखभालीची सोय तर फारच हुशारीची. शेजारी चेरीची बाग लावली, नाव ‘ईश्री बाग’, आणि चेरी विकून विहिरीचा खर्च भागवायचा. बागेत माशाच्या आकाराचं तळं आहे, कारण मासा हे काशीच्या राजघराण्याचं चिन्ह. राखणदाराचं आठकोनी घर इतकं चिमुकलं की आपल्या मंडळाची कार्यकारिणीसुद्धा त्यात मावणार नाही. १९६४ साली शताब्दीला प्रिन्स फिलिप आले होते, तेव्हा गंगाजल आणून या विहिरीत ओतलं.

बाकी १८४६चं गारगोटीच्या भिंतींचं चर्च आहे, आणि ‘क्रुकेड बिलेट’ नावाचा जुना पब, जिथे काउंटरच नाही. बियर तळघरातल्या पिंपातून आणून देतात. (तिकडे आपल्यापैकी कोण आधी पोचणार, ते सांगायला नको.)

काका

---

काका, हरलो. माझी चार डोकी धरा. डब्याचं काय?

पुतण्या

---

पुऱ्या, बटाट्याची भाजी, सुकी चटणी. मुलांना चेरीच्या झाडांवर चढू देऊ नये. आणि हो, रहाट आता फक्त बघायला आहे. पाणी प्रत्येकाने घरून आणावं.

काका