ठाण्यात 'दिवाणी मामला' म्हणून परत पाठवलं, कोर्टातून एफआयआर होतो का? (नागपूर)

हुडकेश्वरवाला
बाबा वेकोलितून (सरकारी कोळसा कंपनी) रिटायर झाले. सप्टेंबर 2024 मध्ये उमरेड रोडकडच्या एका ले-आउटमध्ये प्लॉटचं इसारपत्र केलं. साडेचार लाख दिले, तीन लाख चेकनं, बाकी नगदी. विक्रीपत्राची तारीख पुढेच ढकलत राहिले. शेवटी जाऊन पाहतो तर प्लॉटवर दुसऱ्याचंच कंपाउंड, अन् त्याच्याजवळ रजिस्ट्री! ठाण्यात साहेबांनी कागद न उलगडताच सांगितलं, "दिवाणी मामला आहे, वकील लावा." अर्जावर आवकचा शिक्का तेवढा मिळाला. आता एक जण सांगून राहिला की 156(3) टाका (कोर्टाकडून पोलीस तपासाचा आदेश मागायचा अर्ज), जज ऑर्डर देतो अन् दुसऱ्या दिवशी ले-आउटवाला आत. खरंच असं होते का?

बर्डीचा_बावा
भाऊ, खालच्या कोर्टात कायले चपला झिजवता? सरळ हायकोर्टात रिट टाका. खंडपीठ इथंच आहे न आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये. एक नोटीस गेली की ठाणं बरोबर हलते.

काळा_कोट
बावाजी, रिट टाकली तर पहिला प्रश्न येईल, "मॅजिस्ट्रेटकडे गेला होता का?" डिसेंबर 2007 च्या साकिरी वसू निकालात सुप्रीम कोर्टानं हाच रस्ता दाखवला आहे.

हुडकेश्वरवाले, 1 जुलै 2024 पासून 156(3) च्या जागी नागरिक सुरक्षा संहितेचं 175(3) आलंय. आम्ही वकीलही बोलताना जुनंच म्हणतो, अर्जावर मात्र नवं कलम हवं. आधी 173(4) खाली वरिष्ठांकडे लेखी तक्रार, तीही पोस्टानं. कायद्यात एसपी लिहिलंय, शहरात आयुक्तालय आहे म्हणून डीसीपींच्या नावे पाठवा. स्पीड पोस्टची पावती जपा, ती नसेल तर अर्ज तिथंच अडतो. मग शपथपत्रासह कोर्टात. ही शपथपत्राची अट 2015 च्या प्रियांका श्रीवास्तव निकालातून आली. त्या प्रकरणात कर्ज थकवणाराच वित्तसंस्थेच्या अधिकाऱ्यांवर तक्रारी ठोकत सुटला होता. नगदीचे दीड लाख शपथपत्रात लपवू नका. खोटं निघालं तर उलट तुमच्यावरच येईल.

आता मॅजिस्ट्रेट पोलिसांचंही म्हणणं मागवतात. ते 'दिवाणी' असंच येणार, धरून चाला. त्याला तोड एकच: नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्चमध्ये त्या प्लॉटची इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) काढा आणि दुसऱ्याच्या रजिस्ट्रीची तारीख बघा. ती तुमच्या इसारपत्राच्या आधीची असेल, तर पैसे घेताना प्लॉट त्याच्या हातात नव्हताच. म्हणजे फसवायचा इरादा सुरुवातीपासून, न्याय संहितेचं 318(4) म्हणजे फसवणूक, सात वर्षांपर्यंत शिक्षा. नंतरची असेल तर तो "तेव्हा देणारच होतो" म्हणेल, आणि तुमची बाजू लंगडी पडेल.

आणखी एक. जानेवारी 2025 च्या ओमप्रकाश अंबाडकर निकालात (आपल्याच खंडपीठातून वर गेलेलं प्रकरण) सुप्रीम कोर्टानं बजावलं की डोळे झाकून तपासाचा आदेश देऊ नका. सगळा पुरावा तक्रारदाराच्याच हातात असेल तर पोलीस कशाला? मग 223 खाली खाजगी तक्रार म्हणून चालवतील आणि साक्षीपुरावा तुम्हालाच ओढावा लागेल. म्हणून अर्जात स्पष्ट लिहा की काय फक्त पोलीसच मिळवू शकतात: चेकचे पैसे पुढे कुठल्या खात्यात वळले, हाच प्लॉट आणखी किती जणांना दाखवला, ले-आउटचं बुकिंग रजिस्टर.

'दुसऱ्या दिवशी आत' विसरा. आदेश तपासाचा असतो, त्यात एफआयआर आलाच, अटक नाही. इथे शक्यतो आधी 35(3) ची, म्हणजे पोलिसांपुढे हजर राहायची, नोटीस जाते.

हुडकेश्वरवाला
काकाजी, इंडेक्स टू काढली. त्याची रजिस्ट्री मार्च 2023 ची! म्हणजे आमच्या दीड वर्ष आधीच विकून मोकळा. घरी बाबा म्हणून राहिले की आता तोच ले-आउटवाला "पैसे वापस करतो, तक्रार नका करू" असा फोन करून राहिला.

काळा_कोट
देत असेल तर घ्या, पण खात्यातच, आणि काही सही करू नका. फोनवर नका बोलू, व्हॉट्सॲपवर लिहून मागा. डीसीपींची तक्रार थांबवू नका. दुय्यम निबंधकाकडून त्या रजिस्ट्रीची प्रमाणित प्रत काढा, साध्या झेरॉक्सवर कोर्टात वाद होतो.