मदत हवी आहे: बॅलरॅटला घर कुठे बघावं?

नमस्कार मंडळी, नवऱ्याला बॅलरॅटला जॉब मिळालाय, पुढच्या महिन्यात मेलबर्नहून शिफ्ट होतोय. माझं काम घरूनच, टीम पुण्यात, म्हणजे आत्ता साडेचार तासांचा फरक आणि ऑक्टोबरमध्ये घड्याळं पुढे गेली की साडेपाच, कॉल्स रात्रीपर्यंत चालतात त्यामुळे नेटने दगा देऊन चालणारच नाही. म्हणून एनबीएनची (इथलं सरकारी ब्रॉडबँड नेटवर्क) फायबर थेट घरापर्यंत आहे की जुनी तांब्याची वायर, हे आधी बघतेय. बॅलरॅटच्या ल्यूकस भागातली नवी घरं त्यात बरी वाटतात, पण अधूनमधून ट्रेनने मेलबर्नच्या सदर्न क्रॉस स्टेशनला जावं लागतं, मग बॅलरॅटच्याच वेंडूरी स्टेशनजवळ बघू का? २०२३ पासून व्ही-लाइनचं (शहराबाहेर जाणाऱ्या ट्रेन) दिवसाचं भाडं मेलबर्न शहरातल्या दिवसाच्या दरापेक्षा जास्त होत नाही, तेवढं बरंय.

खरी काळजी थंडीची. परवा एक जुनं लाकडी घर बघितलं, ऐसपैस, भाडंही झेपणारं, पण खिडकीच्या फटीतून गार वारा सरळ आत आणि हीटर फक्त हॉलमध्ये. सासूबाई सोबत असतील, थंडीत त्यांचे गुडघे फार धरतात हो. तिथे राहणाऱ्यांनी प्लीज सांगा, डक्टेड हीटिंगचंच (पाइपांतून सगळ्या खोल्यांत गरम हवा) घर घ्यावं का, हिवाळ्यात गॅसचं बिल साधारण किती येतं? आणि ज्वारीचं पीठ, कढीपत्ता तिथेच मिळतो की इथूनच भरून न्यावं?