मदत हवी आहे: दोन कार्डे शेजारी राहतच नाहीत, शनिवारपर्यंत वेबपान हवे

माटोळीवाली | सोमवार, रात्री ११.१२

नमस्कार. चवथ तोंडावर आली आहे आणि मी चार रात्री एकाच जागी अडकले आहे. वेबपानावर एका ओळीत दोन कार्डे, म्हणजे फोटो आणि नाव असलेले चौकोन, बसत नाहीत. दुसरे खाली घसरते आणि उजवी अर्धी बाजू रिकामी राहते. दोघांना ५० टक्के रुंदी दिली आहे. पन्नास आणि पन्नास शंभरच होतात ना? मग जागा जाते कुठे? ४८ केले तर लॅपटॉपवर बसते, फोनवर परत घसरते. शनिवारी वाड्यावरच्या मंडळाला पान दाखवायचे आहे. कृपया लवकर सांगा. 'आधी पाया पक्का कर' असे सांगू नका, तेवढा वेळ नाही.

शीर्षकातली अक्षरेही सुटी सुटी दिसतात, पण ते नंतर.

सावर्ड्याचा | सोमवार, रात्री ११.२५

बूटस्ट्रॅप घ्या, म्हणजे आयत्या स्टाइलचा संच. एक फाइल जोडायची, बारा रकाने तयार मिळतात. प्रत्येक कार्डाला सहा द्या, दोन शेजारी बसलीच म्हणून समजा. मी तीन वर्षे हॉटेलांची पाने करतो, हाताने लेआउट कधीच लिहीत नाही.

खाजनकाठ | सोमवार, रात्री ११.३१

कार्डाची स्टाइल काय लिहिली आहे? शेजारी मांडायला काय वापरले, फ्लोट, फ्लेक्स की इनलाइन-ब्लॉक? पॅडिंग (आतली मोकळी जागा) आहे का? बॉर्डर (कडेची रेघ)? हे कळल्याशिवाय बोलणे म्हणजे अंधारात दगड मारणे.

पावशेर | सोमवार, रात्री ११.४०

ताई, डोमेन घेतले का? आधी ते करा. नाव लहान ठेवा, मधे जोडरेघ नको. आणि नूतनीकरणाची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. माझ्या भावाचे डोमेन तारीख विसरल्यामुळे गेले, परत मिळाले नाही.

माटोळीवाली | मंगळवार, सकाळी ६.५०

डोमेन नको आहे हो, पान तयार झाले की मंडळाचे लोक बघतील. फोनवरून लिहितेय, म्हणून कोड मराठीत: कार्डाला विड्थ ५० टक्के, फ्लोट लेफ्ट, बॉर्डर १ पिक्सेल सॉलिड, हाइट २२० पिक्सेल, ओव्हरफ्लो हिडन (मावत नाही ते लपवायचे), पॅडिंग १२ पिक्सेल. एवढेच. क्लासमध्ये सरांनी फ्लोटच शिकवले.

पान माटोळीत, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर टांगतात त्या लाकडी चौकटीत, बांधायच्या फळांचे आहे. आमची आजी रानात जाऊन आणायची. आता तिचे गुडघे चालत नाहीत आणि मुंबईच्या चुलत भावंडांना आंबाडे आणि निरफणस सोडून एकही नाव येत नाही. तिच्याकडून नावे विचारून २३ फोटो काढले आहेत.

खाजनकाठ | मंगळवार, सकाळी ७.३५

आता कळले. तुमचे गणित बरोबर आहे, पण ब्राउझर विड्थ म्हणजे फक्त आतल्या मजकुराची रुंदी धरतो. पॅडिंग आणि बॉर्डर तो वरून चढवतो. समजा बाहेरचा डबा १००० पिक्सेलचा आहे. एक कार्ड ५०० अधिक दोन्हीकडचे पॅडिंग २४ अधिक दोन्हीकडची बॉर्डर २, म्हणजे ५२६. दोन कार्डे १०५२. वरचे ५२ कुठे मावणार? म्हणून दुसरे खाली.

४८ टक्क्यांचे कोडेही यातच आहे. डबा १३०० चा असेल तर ६२४ अधिक २६ म्हणजे ६५०, दोन मिळून बरोबर १३००. त्याहून मोठ्या पडद्यावर बसते, एक पिक्सेल कमी झाला की घसरते. टक्के कमी करत बसू नका. कार्डाच्या स्टाइलमध्ये एक ओळ घाला: बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स. मग ५० टक्क्यांत पॅडिंग आणि बॉर्डर धरूनच मोजले जाईल.

छापखाना | मंगळवार, सकाळी ९.०५

बाय, एवढे कशाला? टेबल घाल. एका ओळीत दोन घरे, काम संपले. मडगावला छपाईच्या धंद्यात तीस वर्षे काढली, १९९८ पासून वेबपाने करतो. माझी तेव्हाची टेबलाची पाने आजही जशीच्या तशी उघडतात.

सावर्ड्याचा | मंगळवार, सकाळी ९.२०

काका, टेबल आता कोणी वापरत नाही. फोनवर दोनाचा एक रकाना करायचा तर टेबलाची मोडतोड करावी लागते. बूटस्ट्रॅपमध्ये ते आपोआप होते.

छापखाना | मंगळवार, सकाळी ९.४१

कोणी वापरत नाही असे कसे? मी वापरतो. ब्राउझर बदलले, फ्लोट आले, फ्लेक्स आले, दर चार वर्षांनी नवे काहीतरी शिका. टेबल हलले नाही.

खाजनकाठ | मंगळवार, सकाळी १०.१५

काका, ९८ साली टेबलाला पर्यायच नव्हता, हे मान्य. होकोन विउम ली यांनी स्टाइल शीटचा, म्हणजे पान कसे दिसावे ते सांगणाऱ्या नियमांचा, प्रस्ताव ऑक्टोबर १९९४ मध्ये मांडला, तेव्हा ते सर्न या संशोधन संस्थेत होते. त्या नियमांची पहिली अधिकृत शिफारस डिसेंबर १९९६ ची. पण ब्राउझर नियम धड पाळत नव्हते, म्हणून सगळ्यांनीच टेबलांवर पाने रचली, मीही रचली. आज कारण उरलेले नाही. जे दिसत नसल्यामुळे पान ऐकतात, त्यांना वाचक सॉफ्टवेअर 'पहिली ओळ, दुसरा रकाना' सांगत बसते आणि फळाचे नाव मागे पडते. बाजारभावांचा तक्ता असेल तर टेबलच हवे. ही फळे म्हणजे तक्ता नव्हे.

सावर्ड्याचा, बूटस्ट्रॅप पानावरच्या सगळ्या घटकांना बॉर्डर-बॉक्स स्वतःच लावते. म्हणून तिथे ही अडचण तुम्हाला कधी दिसली नाही. त्यांना एक ओळ हवी आहे, त्यासाठी अख्खी फाइल उतरवायची? पावसात आमच्याकडे नेटवर्क कसे चालते हे तुम्हालाही ठाऊक आहे.

रानवाट | मंगळवार, दुपारी १.३०

कोडमधले मला कळत नाही, माटोळी म्हणून आत आलो. यादीत कांगलां आहेत का? त्यांना मराठीत मालकांगोणी म्हणतात, पानावर तेच नाव लिहा. आणि कवंडळ घातले असेल तर खाली एक ओळ जरूर टाका, की लाल गोळा सुंदर दिसतो म्हणून वेल मुळासकट ओढू नये. म्हापशाच्या बाजारात चवथीच्या आधी ढीग दिसतात, आणि पुढच्या वर्षी त्याच जागी काही उगवत नाही.

माटोळीवाली | मंगळवार, रात्री ९.५५

खाजनकाठ, ती ओळ घातली. काही फरक नाही!! दुसरे कार्ड अजून खालीच. फाइल सेव्ह केली आहे, पान तीनदा रिफ्रेश केले आहे. आता माझे डोके खरेच चालत नाही. रानवाट, आजी कांगलांच म्हणते, पानावरही तेच राहील. मालकांगोणी खाली बारीक अक्षरात लिहीन. वेलीचे म्हणणे पटले, ती ओळ घालते.

सावर्ड्याचा | मंगळवार, रात्री १०.०२

म्हणूनच म्हणत होतो. बूटस्ट्रॅप.

खाजनकाठ | मंगळवार, रात्री १०.१०

थांबा. ओळ घातल्यावर कार्डात दुसरे काही बदलले का? नीट बघून सांगा. फळाचे नाव आधी कडेपासून थोडे आत होते, आता कुठे आहे?

माटोळीवाली | मंगळवार, रात्री १०.१८

हो! नाव कडेला चिकटले आहे. फोटोही. आधी असे नव्हते. मला वाटले मीच कुठे हात लावला.

खाजनकाठ | मंगळवार, रात्री १०.२६

म्हणजे पॅडिंग गेले. पॅडिंगच्या ओळीच्या शेवटी सेमीकोलन नाही, खात्रीने सांगतो. ती आधी शेवटची ओळ होती का? शेवटच्या ओळीला सेमीकोलन नसले तरी चालते. तुम्ही तिच्याखाली नवी ओळ लिहिली, मग ब्राउझरने दोन्ही ओळी मिळून एकच वाक्य वाचले, अर्थ लागला नाही आणि दोन्ही टाकून दिल्या. चूक झाली असे तो कधीच ओरडून सांगत नाही, गुपचूप पुढे जातो. पॅडिंग जाऊनही कार्ड घसरते, कारण बॉर्डरचे दोन-दोन पिक्सेल अजून वर आहेतच.

लॅपटॉपवर एफ-१२ दाबा, कार्ड निवडा, उजवीकडे स्टाइल दिसतील. ज्या ओळीवर काट मारलेली आणि शेजारी पिवळा त्रिकोण, ती ब्राउझरला कळलेली नाही. ही खिडकी रोज उघडी ठेवा. मला स्टाइल शीट तिथेच समजले.

माटोळीवाली | मंगळवार, रात्री १०.४४

बसली. दोन्ही शेजारी बसली. सेमीकोलनच राहिले होते. पिवळा त्रिकोण दिसला, तुम्ही सांगितले तसाच. चार रात्री, एका टिंबासाठी! मनापासून आभार.

पण फोनवर अक्षरे मुंगीएवढी दिसतात, बोटांनी ओढून मोठी करावी लागतात. आणि काही नावांचे उकार खालून कापले जातात. 'तोरिंजन' नीट दिसते, 'माट्टुलां'चा उकार जातो.

खाजनकाठ | मंगळवार, रात्री १०.५८

पानाच्या हेडमध्ये व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (फोनला पानाची रुंदी सांगणारी ओळ) आहे का? नसेल तर फोन ९८० पिक्सेलचे पान धरतो आणि आक्रसून दाखवतो. कंटेंटमध्ये विड्थ इक्वल्स डिव्हाइस-विड्थ, स्वल्पविराम, इनिशियल-स्केल इक्वल्स १ एवढे लिहा. आणि कार्डाची पक्की उंची २२० काढून टाका, मजकूर वाढेल तसे कार्ड वाढू दे. सगळी कार्डे समान उंचीची हवीत म्हणून दिली असेल, हो ना?

माटोळीवाली | मंगळवार, रात्री ११.०१

हो, नाहीतर फ्लोटमध्ये मधेच भगदाड पडते.

छापखाना | बुधवार, सकाळी ८.३०

उकाराचे आणि शीर्षकाचे मी सांगतो, ते माझे काम. बाय, शीर्षकाला लेटर-स्पेसिंग दिले आहेस ना? ते काढ. इंग्रजीत अक्षरे मोकळी केली की रुबाब येतो, देवनागरीत शिरोरेखा तुटते आणि शब्द दातपडक्या फणीसारखा दिसतो. शीर्षक उठून दिसायला हवे तर अक्षर मोठे कर, वजन वाढव. शिसाच्या खिळ्यांपासून मी हेच बघत आलो आहे.

लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, किती ठेवली आहेस? १ असेल तर १.६ किंवा १.७ कर, पुढे पिक्सेल लावू नकोस, नुसता आकडा. वर रफार आणि मात्रा, खाली उकार आणि जोडाक्षराचा पाय, एवढे सगळे एका ओळीत उभे राहायचे असते. आणि पानाच्या सुरुवातीला भाषा म्हणून 'एमआर' (मराठी) लिही, 'ईएन' (इंग्रजी) ठेवू नकोस. नोतो सान्स देवनागरीसारख्या काही फाँटांत भाषा मराठी असली की ल आणि श मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. मंडळातल्या जुन्या माणसांच्या नजरेत हे लगेच भरते.

माटोळीवाली | बुधवार, सकाळी ८.४८

काका, लेटर-स्पेसिंग ३ पिक्सेल होते. काढले. शीर्षक एकदम माणसात आले. भाषा 'ईएन'च होती, ती तयार नमुन्यात आली होती, मी कधी बघितलीच नाही.

खाजनकाठ | बुधवार, सकाळी ९.३०

काकांचे सगळे जसेच्या तसे घ्या. मी यात भर घालू शकत नाही.

आता भगदाडाचे. फ्लोट मुळात चित्राच्या बाजूने मजकूर वाहावा म्हणून आहे, त्यावर मांडणी रचणे हा नाइलाज होता. तुम्ही ग्रिड, म्हणजे ओळी-रकान्यांची चौकट, घ्या; मार्च २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी तिन्हींत आले. कार्डांवरचे फ्लोट आणि विड्थ काढा. बाहेरच्या डब्याला लिहा: डिस्प्ले: ग्रिड, ग्रिड-टेम्प्लेट-कॉलम्स: १एफआर १एफआर (दोन समान रकाने), गॅप: १२पीएक्स. फोटोला मॅक्स-विड्थ १०० टक्के, नाहीतर मोठा फोटो रकाना ताणतो. एका ओळीतली कार्डे आपोआप समान उंचीची होतील.

तुमच्या माटोळीसारखेच आहे. आधी लाकडी चौकट टांगतात, मग फळे बांधतात. आजवर तुम्ही फळांनाच चौकट धरून ठेवायला सांगत होता.

सावर्ड्याचा | बुधवार, सकाळी ११.१०

ग्रिड मीही आज बसून करून बघितले. तीन ओळींत होते, हे खरे. हॉटेलांची कामे मात्र बूटस्ट्रॅपमध्येच करीन, तिथे बटणे, मेन्यू, फॉर्म सगळे तयार लागते.

रानवाट | बुधवार, दुपारी ३.२०

चौकट बांधायला केवणीची दोरी वापरता की सुतळी? आमच्याकडे केवणच. सालीचा दोर ओला करून बांधला की फळांचे ओझे निवांत पेलतो.

माटोळीवाली | गुरुवार, रात्री ८.१५

केवणच, बाबा आणतात.

ग्रिड झाले. भगदाड गेले, उकार पूर्ण दिसतात, फोनवर न ओढता वाचता येते. फक्त २३ कार्डे आहेत, त्यामुळे शेवटचे एकटेच डावीकडे बसते. त्याला दोन्ही रकाने देता येतात का? ते नारळाच्या पेंडीचे (घडाचे) आहे, फोटोही आडवा आहे.

खाजनकाठ | गुरुवार, रात्री ८.४०

येतात. स्टाइलमधल्या कार्डाच्या क्लासला लास्ट-चाइल्ड (फक्त शेवटचे कार्ड) जोडून नवा नियम लिहा, आत ग्रिड-कॉलम: १ / -१. पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत असा अर्थ. पुढे चोविसावे फळ आले तर तो नियम काढायला विसरू नका.

माटोळीवाली | शुक्रवार, सकाळी ७.०५

बसले. रात्री आजीच्या हातात फोन दिला. तिने एकेक कार्ड बोटाने वर सरकवत सगळी नावे मोठ्याने वाचली, मला कुठेच मोठे करून द्यावे लागले नाही. कवंडळावर थांबली आणि म्हणाली, हे कच्चे आहे, पिकलेल्याचा फोटो घाल. आज दुपारी बाबांबरोबर रानात जाते.