अनुभव धागा: असायलम मागणाऱ्यांच्या सोबतीनं

इंग्लंडात आश्रय मागायला आलेल्या, हातात दमडी नसलेल्या लोकांसाठी आपल्यातले बरेच जण शनिवार-रविवारी राबतात, पण त्याबद्दल बोलत कुणीच नाही. म्हणून हा धागा. धोरणावर भांडायला दुसऱ्या जागा आहेत. इथे स्वतःचा अनुभव लिहा. समोरच्याची ओळख पटेल असं काही मात्र नको.

मँचेस्टर
केस जिंकली की माणूस सुटला, असं मला वाटायचं. 2023 मध्ये आमच्या मदतकेंद्रात जेवायला येणाऱ्या एका इराणी मुलाला रेफ्यूजी म्हणून मान्यता मिळाली. केक कापला. मग कळलं की आता 28 दिवसांत सरकारी खोली सोडायची आणि आठवड्याचे पैसेही बंद. युनिव्हर्सल क्रेडिट या सरकारी भत्त्याचे पहिले पैसे यायला पाच आठवडे लागतात. करा हिशोब! इतकी वर्षं वाट पाहून कागद हातात आला आणि पोरगा रस्त्यावर.

आमची माळ्यावरची खोली रिकामी होती. अशा लोकांची घरात सोय लावणाऱ्या संस्थेची माणसं घर बघून गेली, नियम समजावले आणि तो आला. नेमकी तेव्हा साताऱ्याहून आई आलेली. "कोण कुठला, घरात घेतेस?" दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ती भांडी घासत होती, तर तो शेजारी उभा राहून बाटलीकडे बोट दाखवत म्हणाला, "साबून?" आई म्हणाली, "साबण." मग दोघांचा "चाकू"ही एकच निघाला. त्यानं दाराला हात लावून "दर" म्हटलं, आईनं "दार" म्हणून दुरुस्त केलं. संध्याकाळपर्यंत बाजार, हजार, हप्ता सगळं झालं. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तरी स्वयंपाकघरातली फारसी काही गेली नाही.

पाच आठवडे म्हणता म्हणता अकरा झाले. खोलीचं डिपॉझिट जमेना. निघाला तेव्हा आईनं त्याला लिंबाच्या लोणच्याची अख्खी बरणी दिली. मला अर्धीसुद्धा मिळाली नाही.

लीड्स
मी इंग्रजी बोलायला शिकवतो. पहिल्याच दिवशी माती खाल्ली. भूतकाळ शिकवायचा म्हणून विचारलं, "तुम्ही इथे कसे आलात?" वर्ग गप्प. एक बाई उठून बाहेर गेल्या त्या परत आल्याच नाहीत. नंतर समन्वयक बाईंनी शांतपणे सांगितलं, ही गोष्ट त्यांना इंटरव्ह्यूमध्ये, वकिलासमोर, कोर्टात सांगावी लागते, एखादी तारीख चुकली तरी खोटं पाडतात. तू कशाला विचारतोस? आता मी बसचं वेळापत्रक आणि दवाखान्यात फोन कसा करायचा, एवढंच शिकवतो. वर्गातून उठून गेलेल्या त्या बाईंची आठवण अजून येते.

क्रॉयडन
माझं काम फॉर्म भरायचं. ज्यांचं अपीलही संपलंय, त्यातल्या बहुतेकांना ना काम करायची परवानगी, ना भत्ता. औषधांची चिठ्ठी फुकट मिळावी म्हणून एचसी-1 नावाचा लांबलचक फॉर्म भरायचा. उत्पन्न: शून्य. बचत: शून्य. घरभाडं: शून्य, मित्राच्या सोफ्यावर झोपतो. पानंच्या पानं शून्य लिहिताना समोरचा माणूस खाली बघत असतो, म्हणून मी हल्ली आधी चहा करते. आणि हो, जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायला पासपोर्ट किंवा पत्त्याचा पुरावा लागत नाही. एका रिसेप्शनवर तरीही अडवलं होतं. नियमाचा छापील कागद पुढे केल्यावर नोंदणी झाली. तो कागद पर्समध्ये ठेवा.

लेस्टर
सहा महिने केलं आणि सोडलं. रात्री झोप लागेना. कुणी हसू नका.

मँचेस्टर (पुन्हा मीच)
लेस्टर, कोण हसणार? मीही मध्ये चार महिने थांबले होते.

सामान द्यायचं म्हणून विचारणाऱ्यांसाठी: आश्रय मागणाऱ्यांना आठवड्याच्या सरकारी भत्त्यात (2024 मध्ये 49.18 पौंड) जेवण, कपडे, फोन सगळं भागवायचं असतं, त्यामुळे बसचे पास आणि फोनचे टॉप-अप आधी संपतात. पुरुषांचे 8 ते 10 नंबरचे बूट कायम कमी पडतात. साड्या पाठवू नका, तीन आल्यात.