नवस म्हणजे श्रद्धा की देवीशी सौदा?

टिळकवाडीकर: सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्मा देवीचा नवस फेडायला जाणं ही श्रद्धा नव्हे, सौदा आहे. गीतेचा 17वा अध्याय वाचा. फळावर डोळा ठेवून केलेला यज्ञ राजस, म्हणजे सात्त्विकाहून खालचा. डोंगरावरची निम्मी गर्दी त्यातलीच.

निपाणीची सून: कालपासून डोकं फिरलंय, म्हणून लांबलचक लिहायलेय. त्याच अध्यायात आहे की सात्त्विक लोक देवांना पूजतात, राजस लोक यक्ष-राक्षसांना. मग तुमच्या हिशेबात आमची यल्लम्मा कोण? आणि 7व्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार सांगितलेत, त्यात आर्त म्हणजे संकटात सापडलेला आणि अर्थार्थी म्हणजे काही मागणारा हेसुद्धा भक्तच, चौघांनाही उदार म्हटलंय. ते पान फाटलं होतं काय? माझ्या सासूनं दीर वाचावा म्हणून नवस बोलला. दीर गेला. तरी ती मार्गशीर्ष पुनवेला परडी घेऊन जाते, डोंगराखालच्या जोगुळभावी कुंडात अंघोळ करते, मगच वर जाते. सौदा फिसकटल्यावर कुठलं गिऱ्हाईक त्याच दुकानात परत जातंय, सांगा.

खानापूरचा पाव्हणा: गर्दीचं म्हणाल तर 11 जून 2023 ला कर्नाटकात शक्ती योजना आली, इथल्या बायकांना सरकारी बस फुकट. तेव्हापासून आमच्या घरात भक्तीला ऊत आलाय बघा. मंगळवार, शुक्रवार, पुनव, काही चुकत नाही. तिकीट काढून उभा राहणार मी!

चंदगडला दिलेली: आणि आम्ही? माहेर बेळगावचं, पण आधार महाराष्ट्राचं, म्हणून पूर्ण तिकीट. शेजारी सख्खी बहीण फुकट. सीमाप्रश्न कुणाला समजत नसेल तर ह्या बसमध्ये बसवा.

खानापूरचा पाव्हणा: तुमच्या लाल डब्यात अर्धं तिकीट आहे की ओ.

चंदगडला दिलेली: तो आमच्या गावातून सौंदत्तीला जातोय होय? उगाच बोलायचं म्हणून बोलायचं.

शहापुरी: बस पुरे. पोरी देवीला सोडायचे, तेव्हाही श्रद्धाच म्हणायचे. त्या श्रद्धावानांसाठीच 1982 चा देवदासी बंदीचा कायदा करावा लागला. आमच्या गल्लीतली जोगतीण म्हातारी म्हणायची, ‘मला कुणी विचारलंतं?’ ह्यावर सूनबाई गप्प का?

निपाणीची सून: गप्प नाही, भाकऱ्या चालल्या होत्या. सोडणाऱ्या आईबापाचं पाप माझ्या सासूच्या परडीत टाकू नका. कायदा हवाच होता, तेवढं कबूल.

टिळकवाडीकर: बरं, सासूबाई सात्त्विक, बाकीचे राजस. केली दुरुस्ती.

निपाणीची सून: मोठे उपकार झाले, स्वामी! आधी एकदा डोंगर चढून या, मग वर्गवारी करा.

खानापूरचा पाव्हणा: चढायचं कशाला, बस वरपर्यंत जाते. ह्यांना फक्त तिकीट पडेल.