शब्दचर्चा : शरणागती, तह, युद्धबंदी… आणि ‘मोकुसात्सु’

शाईचा डाग
जपान-अमेरिका संबंधांवरच्या लेखमालेत २ सप्टेंबर १९४५ च्या, म्हणजे जपानने दुसऱ्या महायुद्धात शरण येण्याच्या मजकुरावर सही केली त्या घटनेला एका ठिकाणी ‘शरणागती’, दुसरीकडे ‘युद्धबंदी’ आणि फोटोखाली ‘तहावर सह्या’ असं आलं आहे. कोणता शब्द ठेवावा? शिवाय मित्रराष्ट्रांच्या पोट्सडॅम घोषणेबद्दल जपानच्या पंतप्रधानांनी वापरलेल्या ‘मोकुसात्सु’ला ‘दुर्लक्ष’ पुरेल का?

जीर्ण कोश
आधी ‘युद्धबंदी’ काढा. ती युद्धबंदी म्हणजे लढाई थांबणं, तो युद्धबंदी म्हणजे लढाईत पकडलेला सैनिक. ‘युद्धबंदीनंतर जपानी युद्धबंदी मायदेशी परतले’ हे वाक्य व्याकरणाने शुद्ध आणि वाचायला अशक्य आहे. पहिल्यासाठी शस्त्रसंधी, दुसऱ्यासाठी युद्धकैदी.

‘तह’ इथे चालणार नाही. हरलेल्या बाजूचाही तह होतो, ते कारण नव्हे. पुरंदरच्या तहात (१६६५) महाराजांना २३ किल्ले द्यावे लागले, तरी तो तहच, कारण कलमांवर घासाघीस झाली आणि १२ किल्ले राखता आले. अमेरिकेच्या ‘मिसुरी’ युद्धनौकेवर, जिथे या सह्या झाल्या, तिथे घासाघीस नव्हती. सम्राट आणि सरकारच्या वतीने परराष्ट्रमंत्री शिगेमित्सु यांनी, लष्करी मुख्यालयाच्या वतीने जनरल उमेझु यांनी तयार मजकुरावर सही केली. म्हणून शरणागतीपत्र. या दोन देशांच्या गोष्टीत ‘तह’ शोभतो तो उदाहरणार्थ इथे: जपानची बंदरं अमेरिकी जहाजांना उघडणारा कानागावा (३१ मार्च १८५४) आणि महायुद्धानंतरचा शांतता तह, सॅन फ्रान्सिस्को (८ सप्टेंबर १९५१).

‘बिनशर्त’ कशाला लावता तेही बघा. शरणागतीपत्रात ते विशेषण लष्करी मुख्यालय आणि सैन्याच्या शरणागतीला आहे. ‘जपानची बिनशर्त शरणागती’ रुळलंय, पण ढोबळ आहे. जपानने शरण यावं असं बजावणाऱ्या जुलै १९४५ च्या पोट्सडॅम घोषणेत तर ‘आमच्या अटी अशा’ म्हणून यादीच दिली होती.

चौकट
फोटोओळीत ‘तहा’ऐवजी ‘करार’ घालायचा मोह होईल, तोही नको. आणि शरणागतीपत्राच्या जपानकडच्या प्रतीचा फोटो वापरणार असाल तर नीट बघा. कॅनडाच्या प्रतिनिधीने एक ओळ खाली सही केली, त्यामुळे पुढच्यांच्या सह्या सरकल्या आणि शेवटच्या न्यूझीलंडला ओळच उरली नाही. मित्रराष्ट्रांचे सरसेनापती मॅकआर्थर यांचे चीफ ऑफ स्टाफ सदरलंड यांनी देशांची छापील नावं खोडून हाताने लिहिली. ओळींवरून नावं लावायला गेलात तर फसाल.

दुभाषी
१५ ऑगस्टसाठी वेगळी काळजी घ्या. सम्राटाच्या रेडिओ भाषणात शरणागती हा शब्दच नाही. चार राष्ट्रांची संयुक्त घोषणा (म्हणजे पोट्सडॅमचीच) स्वीकारल्याचं कळवलंय, तेही दरबारी भाषेत. अनेक ऐकणाऱ्यांना अर्थ लागला तो नंतरच्या निवेदनातून. तेव्हा ‘शरणागती जाहीर केली’ असं आपल्या शब्दांत लिहा, अवतरणचिन्हांत सम्राटाच्या तोंडी घालू नका.

जपानीतही ही ओढाताण आहेच. ‘शूसेन’ म्हणजे युद्धसमाप्ती, ‘हाइसेन’ म्हणजे युद्धातला पराभव. सर्रास वापरात पहिला. तसंच युद्धानंतर जपानमध्ये आलेल्या अमेरिकी फौजेला लोक ‘शिनचूगुन’ म्हणायचे, येऊन मुक्काम केलेलं सैन्य. ताबा घेतलेलं सैन्य या अर्थाचा ‘सेनर्योगुन’ शब्द होताच, पण तो बोचायचा. मूळ उताऱ्यात जो असेल त्याप्रमाणे मराठीत ‘मुक्कामी फौज’ किंवा ‘ताबेदार’… नाही, ताबेदार म्हणजे उलट हाताखालचा! ‘ताबा घेणारी फौज’ लिहा.

आता मोकुसात्सु. ‘मोकु’ म्हणजे मौन, ‘सात्सु’ म्हणजे मारणं. मराठीत यासाठी हुकमी प्रयोग आहे: अनुल्लेखाने मारणे. शब्दाची घडणसुद्धा तीच. ‘दुर्लक्ष’ मवाळ आहे, नजरचुकीनेही होतं. ‘धुडकावणे’ तोंडाने करावं लागतं. ‘केराची टोपली दाखवणे’ जवळचं, पण त्यात उघड तिरस्कार आहे.

शाईचा डाग
पण लेखकाचा मुद्दा असा की पंतप्रधान सुझुकींना ‘तूर्त भाष्य नाही’ म्हणायचं होतं, भाषांतर चुकलं आणि त्यामुळे अणुबॉम्ब पडला.

दुभाषी
आकर्षक गोष्ट आहे, टिकत नाही. पोट्सडॅम घोषणा २६ जुलैची, सुझुकींची पत्रकार परिषद २८ ची. त्यात ते फक्त मोकुसात्सु म्हणून थांबले नाहीत. घोषणा म्हणजे मित्रराष्ट्रांच्या १९४३ च्या कैरो जाहीरनाम्याचीच पुनरावृत्ती, तिला फार मोल देत नाही, आणि युद्ध शेवटपर्यंत नेणार, असंही बोलले. जपानच्या दोमेई वृत्तसंस्थेने इंग्रजीत ‘दुर्लक्ष’ केलं, अमेरिकी वर्तमानपत्रांत ‘फेटाळलं’ झालं, इथपर्यंत छटांचा फरक खरा. पण शेजारच्या वाक्यांनंतर ‘भाष्य नाही’ हा अर्थ बसवणं कठीण. आणि बॉम्ब टाकण्याचा लेखी लष्करी आदेश २५ जुलैचा आहे, घोषणेच्याही आदल्या दिवशीचा. तो परिच्छेद काढलेला बरा.

जीर्ण कोश
भाषांतराने खरंच भांडण लागलेलं हवं असेल तर कानागावाच्या तहाचं अकरावं कलम घ्या. बोलणी डच आणि चिनी भाषांच्या मध्यस्थीने झालेली. इंग्रजी मसुदा म्हणतो, दोहोंपैकी *कोणत्याही एका* सरकारला गरज वाटली तर अमेरिकेचा वकील (कॉन्सल) शिमोदा बंदरात राहील. जपानी मसुद्यात *दोन्ही* सरकारांना गरज वाटायला हवी. ऑगस्ट १८५६ मध्ये अमेरिकेचे वकील टाउनसेंड हॅरिस शिमोदाला उतरले तेव्हा जपानी अधिकारी म्हणाले, आम्हाला गरज वाटलेली नाही. हॅरिस हटले नाहीत. मराठीत ‘उभय सरकारांना’ लिहिलंत की नकळत जपानची बाजू घेतलीत. म्हणून दोन्ही मसुदे वेगवेगळे द्या. ‘वकील’ शब्द मात्र खुशाल ठेवा, पेशवाईतल्या अर्थाने नेमका बसतो.

शाईचा डाग
शेवटचं. जपानमधल्या अमेरिकी तळांना लेखकाने ‘तैनाती फौज’ म्हटलंय. ठेवू?

चौकट
मराठी वाचकाला लगेच वसई आठवणार, म्हणजे तो शब्द नसून निकालपत्रच आहे. ठेवायचा तर १९५१ च्या सुरक्षा करारापुरता. त्यात अमेरिकेच्या पूर्वसंमतीशिवाय तिसऱ्या देशाला तळ द्यायचे नाहीत असं बंधन होतं, आणि जपान सरकारने मागणी केल्यास देशातले मोठे दंगे मोडायलाही ती फौज वापरता येणार होती. १८०२ च्या तहाचा वास येतोच. १९६० च्या करारात दंग्यांचं कलम गेलं, आणि दहा वर्षांनंतर कोणत्याही बाजूला वर्षभराची नोटीस देऊन बाहेर पडता येईल असं कलम आलं. बाजीरावाला ती सोय नव्हती.

दुभाषी
खर्चाचा भाग आला तर १९७८ चा ‘ओमोइयारी योसान’ (योसान म्हणजे अंदाजपत्रक) येईल. तळांच्या खर्चातला जादा वाटा जपानने उचलला तेव्हा संरक्षण खात्याचे प्रमुख कानेमारू यांनी ‘ओमोइयारी’, म्हणजे दुसऱ्याच्या अडचणीची कदर, हा शब्द वापरला. ‘सहानुभूती निधी’ करू नका, तो पूरग्रस्तांचा वाटतो. ‘कदर म्हणून दिलेला पैसा’ असं एकदा उलगडा, पुढे मूळ शब्दच वापरा.

शाईचा डाग
‘तैनाती फौज’ १९५१ पुरती ठेवली, पुढे ‘अमेरिकी तळ’. मोकुसात्सुचा परिच्छेद गेला, त्या जागी हॅरिस.